बाबांची अकरा हजार पावलं

मला मोठी खुर्ची दिली तेव्हाच मी ओळखलं की आज माझा निकाल लागणार आहे.

एरवी रविवारी मुलं जमली की खुर्च्या त्यांच्या आणि उभं राहणं माझं. चहा मी करायचा, कप मी उचलायचे, आणि सगळं आटोपलं की कुणीतरी म्हणायचं, "आई, तूपण बस ना जरा." त्या रविवारी थोरला जिना चढून आला तो थेट माझ्या पाठीला हात लावून मला खिडकीजवळ घेऊन गेला. तिथली हातांची खुर्ची ह्यांची. दीड वर्षापूर्वी ह्यांची उजवी बाजू गेली, तेव्हापासून हे दिवसभर त्याच खुर्चीत असतात. थोरल्याने बापाला काखेत धरून उठवलं आणि भिंतीशी स्टुलावर बसवलं.

"बाबा, तुम्हाला काय, तुम्ही तर आता पळताय," तो म्हणाला.

"बरं," हे म्हणाले.

ह्यांच्याकडे आता हा एकच शब्द उरलाय. चाळीस वर्षं कुलुपं दुरुस्त केली, एकेका गिऱ्हाइकाला किल्लीपेक्षा गप्पाच जास्त दिल्या, आणि सगळं बोलणं आटून एवढंच राहिलं. हो असेल तरी बरं, नको असेल तरी बरं, पाणी हवं असेल तरी बरं. सूर वेगळा असतो. मला तो कळतो. मुलांना बरं म्हणजे बरंच वाटतं, त्यांची सोय होते.

स्टुलावर ह्यांचा तोल उजवीकडे जायला लागला तशी मी उशी घेऊन उठले.

"आई, उठू नकोस," तीन आवाज एकदम आले. एक थोरल्याचा, एक धाकट्याचा, आणि तिसरा टेबलावरच्या टॅबलेटमधून माझ्या मुलीचा. ही माझी मधली, दोन विमानं बदलावी लागतील एवढ्या लांब राहते. धाकट्याने तिला फळांच्या वाडग्याला टेकवून उभं केलं होतं. तिचं तोंड बरोबर दोन सफरचंदांच्या मधे आलं होतं.

चौथी माझी थोरली सून, शाळेत गणित शिकवते ती मास्तरीण. ती उठून ह्यांच्या पाठीला उशी लावून आली आणि परत टेबलाशी पेन्सिल घेऊन बसली. बोलली काही नाही. सव्वीस वर्षांत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली आहे, आणि मी तिच्याशी त्याहून कमी.

आता हे पळण्याचं प्रकरण काय, ते सांगून टाकते.

दोन महिन्यांपूर्वी हे न्हाणीघरात पडले. ओरखडाही नाही आला, पण मी ते फोनवर बोलून बसले आणि मुलांनी घर ताब्यात घेतलं. धाकटा कंपन्यांमधून तारा आणि यंत्रं बसवत फिरतो. त्याने दोन दिवसांत आमच्या तीन खोल्यांचं कार्यालय केलं. दारांवर डोळे बसले, त्यांना माणूस दिसत नाही, दार उघडलं तेवढं कळतं. गादीखाली एक पट्टी गेली, कोण किती झोपलं ते तिला कळतं. गोळ्यांचा डबा आला, तो वेळ झाली की बाईच्या आवाजात म्हणतो, "कृपया आपली गोळी घ्यावी." हे त्या बाईला बरं म्हणतात, माझ्यापेक्षा तिलाच गोड आवाजात म्हणतात. खाली माझं पडद्यांचं दुकान आहे. जन्मभर मी लोकांना पडदे शिवून दिले, आतलं बाहेर दिसू नये म्हणून. आणि माझ्याच पोराने माझ्या घराला अशा खिडक्या पाडल्या की त्यांना लावायला पडदाच नाही.

शेवटी आले हातातले पट्टे. काळे, घड्याळासारखे, एक ह्यांना आणि एक मला. पावलं मोजतात, नाडी मोजतात; पावलं सगळ्यांच्या फोनवर जातात, नाडी फक्त मधलीकडे. मग मधलीने तिकडून फर्मान काढलं. बाबांनी रोज दीड हजार पावलं चालली पाहिजेत. सलग सात दिवस त्याच्या खाली गेली, तर घरी त्यांचं नीट होत नाही असं धरायचं आणि त्यांना केंद्रात ठेवायचं. केंद्र म्हणजे नदीपलीकडची ती पिवळी इमारत. एकदा आम्ही बघून आलो होतो. दुपारी चारला दारं बंद, साडेपाचला जेवण, आणि एका ओळीत बसवलेली माणसं, भिंतीकडे तोंड करून. तिथल्या बाईने ह्यांना बघून विचारलं होतं, "हे ओरडतात का?"

ह्यांची पावलं रोज ऐंशी व्हायची. पलंगापासून संडास, संडासापासून खुर्ची, आणि परत. पाच दिवस ऐंशी.

पट्टे सारखे दिसतात म्हणून पहिल्याच दिवशी मी ह्यांच्या पट्ट्याच्या कडीला तांबडा दोरा भरला होता आणि माझ्या पट्ट्याला पांढरा. सहाव्या दिवशी सकाळी मी दोन्ही उसवले आणि उलटे भरले. दहा मिनिटांचं काम. ह्यांचा पट्टा माझ्या हातात आला. माझा ह्यांच्या हातात घालावा लागला, कारण रिकामा ठेवला तर तो धाकट्याकडे तक्रार करतो.

मी खोटं बोलले नाही. पट्टा कुणाच्या हातात आहे असं मला कुणी विचारलं नव्हतं. ते आकडा मागत होते. आकडा मी देत होते.

तर त्या दिवसापासून ह्यांची पावलं अकरा हजार झाली. दुकान, जिना, स्वयंपाकघर, ह्यांचं अंग पुसणं, चादरी, परत दुकान. पोरं खूश. "बाबांनी कमाल केली," मधली लिहायची. "या वयात ही जिद्द." थोरल्याने तो आकडा डेपोतल्या साहेबांना दाखवला म्हणे. मी ऐकत होते. पन्नास वर्षं राबले, कुणी असं काही म्हणालं नव्हतं. आता म्हणत होते तर म्हणू देत, नाव ह्यांचं का असेना.

दुसऱ्या पट्ट्याकडे कुणी बघेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्याकडे इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं, तर पट्ट्याकडे कशाला बघतील?

पण बघितलं.

"आई, घाबरू नकोस," मधली सफरचंदांच्या मधून म्हणाली.

"मी कशाला घाबरू? तुलाच घाम आलाय."

"तुझे आकडे चांगले नाहीत. तू दिवसाला ऐंशी पावलं चालतेस. अठरा-अठरा तास पडून असतेस."

"मी?"

"लपवू नकोस गं. सगळं दिसतंय इथे."

थोरला माझ्या पायांवर शाल टाकत होता. तो बसच्या डेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावतो. दोनशे गाड्या कुठे असतील ते त्याला झोपेत सांगता येतं, आई कुठे असते ते फोन सांगतो. मास्तरणीने मला नंतर सांगितलं, येताना तो रडला होता. "मी दर रविवारी जातो," तो तिला म्हणाला, "आई इतकी खंगलीये ते मला दिसलं कसं नाही?" मग आठवायला लागला की गेल्या रविवारी मी काय करत होते, बसले होते की उभी होते. त्याला आठवेना. जेवण कसं होतं ते आठवलं.

"केस बघ कसे विस्कटलेत तिचे," मधली म्हणाली. "चेहराही उतरलाय."

"मी आत्ता दोन पडदे कापून वर आले. तुझ्या त्या काचेतच माझा चेहरा उतरला असेल."

"बाबा, तुम्ही तरी सांगा तिला," थोरला स्टुलाकडे वळून म्हणाला. "तुम्ही तिला रोज फिरायला का नेत नाही? एकटेच जाता."

"बरं," हे म्हणाले. मला बरोबर कळलं, ह्यांना हसू येत होतं. ह्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर उताणी पडली होती, तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता, आणि माझा दोनशे बसांचा मुलगा ह्यांना फिरायला एकटे का जाता म्हणून रागवत होता. आकडा छान आला की माणूस नीट दिसायचंही बंद होतं. मला मजा वाटत होती, खोटं कशाला सांगू. म्हटलं, बोलू देत. फार तर मला एखादं टॉनिक देतील.

मास्तरीण तेवढी माझ्याकडे बघत होती. पेन्सिल टेबलावर हळूहळू आपटत होती, वर्गात पोर उत्तर देईना की आपटतात तशी.

"मुद्द्याचं बोल," धाकट्याने टॅबलेटला सांगितलं. "सहाला गाडी येतेय."

"कसली गाडी?" मी विचारलं.

थोरल्याने माझ्या पायांवरची शाल उगाच नीट केली. मग मधली बोलली. ती धीट आहे. आमचं दोघींचं मधे सात वर्षं बोलणं बंद होतं. ते परत सुरूही तिनेच केलं होतं.

"रुग्णालयाची. शुक्रवारी मी तुझ्या नाडीचा आलेख इथल्या एका हृदयाच्या डॉक्टरांना दाखवला. आज सकाळी त्यांनी स्वतः फोन केला. तुझा ठोका मधेच थांबतो, आई. चार-चार सेकंद थांबतो. काल दिवसात अकरा वेळा थांबला. ते म्हणाले, ही बाई ज्या कुणाची असेल त्यांना सांगा, आजच दाखल करा. पेसमेकर बसवावा लागेल. नाहीतर एक दिवस थांबेल तो..."

तिचा आवाज गेला. धाकट्याने टॅबलेटचा आवाज उगाचच वाढवला.

थोरल्याने खिशातून कागद काढला. त्यात सगळं होतं. सहाला गाडी, साडेसहाला दाखल, उद्या सकाळी यंत्र बसवायचं, चार दिवसांनी सुटका. "त्यानंतर, आई, तूच विचार कर. नियम आपण सगळ्यांनी मिळून केलाय. दीड हजारांच्या खाली सात दिवस. तू सात आठवडे खाली आहेस. केंद्रात खोली मिळतेय."

"मला?"

"थोडे दिवस गं."

"आणि हे?"

"बाबा ठणठणीत आहेत. एकटे राहतील की. यंत्रं आहेत, धाकटा आहे, मी रविवारी येईनच."

मी हसायला हवं होतं. हसूच आलं असतं, पण डोक्यात ते चार सेकंद अडकले होते. मी ह्यांच्याकडे बघितलं. मनात मोजलं. चार सेकंदांत माझ्या शिवणयंत्राखालून हातभर टीप निघते. तेवढा वेळ ह्यांच्या छातीत काहीच नसतं.

परवा सदऱ्याची बटणं लावताना ह्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. डोळे वर गेले आणि खाली आले. मी म्हटलं उकडतंय, खिडकी उघडली. सोमवारी जेवताना मान छातीवर पडली. मी म्हटलं झोप आली. ऐंशी पावलं लपवायला मी एवढी गुंतले होते की त्या पट्ट्यातून दुसरंही काही जात असेल हे माझ्या मनात आलं नाही. आणि ते लांबच्या त्या डॉक्टरला दिसलं, हातभरावर बसलेल्या मला दिसलं नाही.

गप्प राहिले तर सहाला गाडीत मी बसणार आणि हे स्टुलावर राहणार. बोलले तर हे गाडीत बसतील, आणि परत येतील ते नदीपलीकडे.

पेन्सिल थांबली होती.

"तो आलेख ह्यांचा आहे," मी म्हटलं. "मी पट्टे बदललेत. माझा ह्यांच्या हातात आहे, ह्यांचा माझ्या. पहिल्या आठवड्यातच. दाखल ह्यांना करायचंय."

मला वाटलं, आता आभाळ कोसळेल. कोसळलं नाही. तिघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि बघण्यात राग नव्हता, दया होती.

"दादा, बघितलंस?" मधली हळू आवाजात म्हणाली. "डॉक्टर हेच म्हणाले होते. मेंदूला रक्त कमी पडलं की असंबद्ध बोलणं सुरू होतं."

थोरला माझ्यासमोर उकिडवा बसला. माझा हात हातात घेतला. एकेक शब्द सुटा करून बोलला, "आई, आज वार कोणता?"

"तू आलायस म्हणजे रविवार. दुसऱ्या कुठल्या वारी तुझं तोंड दिसतं?"

"डोकं चालतंय तिचं," धाकटा म्हणाला.

"तिखटपणा सगळ्यात शेवटी जातो," मधली म्हणाली.

"अरे, बापाकडे बघा," मी म्हटलं. "बघा एकदा. हा माणूस अकरा हजार पावलं चालेल?"

त्यांनी बघितलं. धाकट्याने फोनकडेही बघितलं. "कालची अकरा हजार दोनशे," तो म्हणाला. त्याची गोष्ट अशी की जन्मभर तो या घरात शेंडेफळ. त्याचं कुणी ऐकलं नाही, मीही नाही. या सात आठवड्यांत पहिल्यांदा भाऊ-बहीण रोज त्यालाच विचारत होती, काय म्हणतंय यंत्र? ते यंत्र फसलं असेल हे त्याला कबूल करवत नव्हतं. त्याच्यापुरता बाप धावतच होता.

मी शाल फेकली.

"धाकट्या, बाबांचं पान उघड. उघडलंस? आता नजर हलवू नकोस."

आमच्या घरापासून खाली दुकानापर्यंत बावीस पायऱ्या आहेत. मी गुडघा धरून उतरले, दुकानाच्या दाराला हात लावला आणि वर चढले. परत उतरले. वर काय झालं ते धाकट्याने मला पुढे दहा वेळा सांगितलंय. फोनवर आधी बावीस वाढले, मग चव्वेचाळीस. थोरला त्याच्या खांद्यावरून बघत होता. "बाबा खुर्चीत, म्हणजे स्टुलावर बसलेत," थोरला म्हणाला. "जिना उतरतायत," धाकटा म्हणाला. मधली ओरडत होती, "मला काही दिसत नाहीये, मला सफरचंदच दिसतायत." मग धाकटा जाऊन बापासमोर गुडघ्यांवर बसला. त्याने ह्यांच्या मनगटावरचा पट्टा बघितला, त्यामागे कोरलेला क्रमांक वाचला, आणि तिथेच जमिनीवर बसून राहिला.

मी तिसऱ्यांदा वर आले तेव्हा सगळे स्टुलाकडे बघत होते. पहिल्यांदाच नीट बघत होते. थोरल्याने ह्यांना उचलून मोठ्या खुर्चीत बसवलं. इतक्या हळू, की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"बरं," हे म्हणाले. तो सूर सगळ्यांना कळला.

मग मधलीचा राग आला. यायलाच हवा होता.

"सात आठवडे, आई. सात आठवडे तू आम्हाला फसवलंस. मी त्या डॉक्टरांना तुझं वय सांगितलं, तुझी औषधं सांगितली. तुला दाखल केलं असतं, आणि तुझी तपासणी होईपर्यंत बाबा इथे एकटे मेले असते."

ज्याला उत्तर नसतं ते वाक्य माझ्या मुलीला बरोबर सापडतं. माझीच आहे ती. मी टेबलाची कड धरून उभी राहिले. धाप लागली होती, जिन्याची होती.

"माझं ठरलं," ती म्हणाली. "यंत्र बसवून झालं की बाबा थेट केंद्रात. आईवर विश्वास टाकता येणार नाही. दादा?"

थोरला कागदाची घडी घालत होता. "मलाही तेच बरं वाटतं," तो म्हणाला. "आईचाही विचार..."

"धाकट्या?"

"पट्टे मला आणखी घट्ट बसवता आले असते," धाकटा जमिनीवरून म्हणाला. त्याचं अजून तेच चाललं होतं.

तिघं एका बाजूला झाले. माझ्या बाजूला मी आणि एक बरं म्हणणारा माणूस. भांडायचं सोडून मी फेकलेली शाल उचलून तिची घडी घालायला लागले. असं माझं होत नाही.

"मी एक विचारू?" मास्तरीण म्हणाली.

तिने पिशवीतून चौकटींची वही काढली, मुलांच्या बेरजा तपासायला आणते तसली. चष्मा लावला आणि वाचायला लागली, पाढे म्हणावेत तशी, वर-खाली काही नाही. "मंगळवार. अंथरुणातून सहा वेळा उठणं. जिना चौतीस वेळा. एकूण झोप चार तास, सलग दोन तास दहा मिनिटं. बुधवार. सात वेळा उठणं. जिना एकोणतीस. गुरुवारी पावलं बारा हजार सहाशे, त्यातली निम्मी पलंग आणि न्हाणीघर यांच्या मधे. असे सेहेचाळीस दिवस आहेत. बाबांच्या नावावर आलेले आहेत. हे कुणाचे ते आता कळलं ना?"

धाकट्याने हातातला फोन पालथा ठेवला.

"नियम कशाला केला होता?" तिने टॅबलेटला विचारलं. "घरात बाबांकडे बघणारं कुणी धड आहे का, ते कळावं म्हणून. बरोबर? आहे. तुमच्याच यंत्राने सांगितलंय, आणि तुम्ही सात आठवडे त्याला शाबासकी देताय."

"वहिनी, तिने खोटं..."

"खोटं केलं, आणि वाईट केलं. दुखणं लपलं त्यात. ते मी झाकत नाहीये." माझ्याकडे न बघता तिने पान उलटलं. "पण दोन तास दहा मिनिटं झोपून जे चाललंय, ते आणखी सहा महिने चालणार नाही. मग दोन पट्टे आडवे होतील. केंद्रात पाठवायचं असेल तर जरूर पाठवा. फक्त आईंना करता आलं नाही म्हणून पाठवतोय असं म्हणू नका. आपण कुणी केलं नाही, म्हणून पाठवतोय असं म्हणा."

 मधलीने सफरचंदांच्या मधे चेहऱ्यावरून हात फिरवला. म्हणाली, "मग करायचं काय?"

"ह्यांना विचारा." मास्तरणीने नवऱ्याकडे पेन्सिल केली. "डेपोत दोनशे गाड्या लावतात. घरातल्या चार माणसांच्या पाळ्या लावायला काय हरकत आहे?"

थोरला लाल झाला. मग त्याने खिशातला कागद काढला, सहाच्या गाडीचा, तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारायला लागला. वार आडवे, माणसं उभी. धाकट्याला मंगळवार आणि शुक्रवार, झोपायला इथे. स्वतःला बुधवार आणि शनिवार. मधलीला सकाळी दोन तास, त्या यंत्रांकडे नजर आणि डॉक्टरांचे फोन, तिकडे तेव्हा तिची दुपार असते. "आणि मार्चमध्ये महिनाभर मी येते," मधली म्हणाली, "तो महिना माझा लिही." माझ्या नावापुढे त्याने उरलेलं लिहिलं, आणि दुकान.

"माझं दुकान कागदावर लिहायची गरज नाही," मी म्हटलं. "आणि माझ्या स्वयंपाकघरात धाकट्याने हात घालायचा नाही."

"आली जाग्यावर," मधली म्हणाली.

सहाला गाडी आली. थोरल्याने आणि धाकट्याने ह्यांना खुर्चीसकट खाली उतरवलं, आणि मागून मी आणि मास्तरीण उतरलो. तिच्या हातात ह्यांची पिशवी होती. नवव्या-दहाव्या पायरीवर मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी. मी औषध द्यायला आले होते. बाबा झोपले होते, आणि फोनवर त्यांची पावलं वाढत होती. खाली दुकानातून तुमची ये-जा ऐकू येत होती."

"आणि सेहेचाळीस दिवस गप्प बसलीस?"

"बाबा केंद्रात गेले असते तर तुम्ही एकट्या राहिला नसता, आई. आमच्याकडे आला असता राहायला."

मी थांबले. तीही थांबली. पिशवी तिने या हातातून त्या हातात घेतली.

"नाडीचं मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "ते फक्त ताईंकडे जायचं. आज कळलं तेव्हा ठरवलं, पाचपर्यंत वाट बघायची. पाचला मी बोलले असते."

"मी पावणेपाचला बोलले."

"हो, बघितलं मी घड्याळात."

सव्वीस वर्षांत हे आमचं सगळ्यात लांब बोलणं झालं, आणि तेही मी तिच्या घरी येऊ नये म्हणून.

रुग्णालयात ह्यांना वरच्या मजल्यावर नेलं, छातीला तारा लावल्या. तिथल्या यंत्राच्या काचेवर बघून मी डॉक्टरांच्या आधी ओळखलं, रेघ चालली होती, थांबली, आणि मग घाबरल्यासारखी पुढे पळाली. हे माझ्याकडे बघून बरं म्हणाले, जाऊ दे गं अशा सुरात. मी म्हटलं, जाऊ देणार नाही, पडून राहा. सकाळी यंत्र बसवणार, तोवर जवळ परिचारिका असणार. मला बाहेर काढलं.

मुलगे खाली कागदपत्रांच्या रांगेत होते. मी बाहेरच्या लांब बोळात जाऊ-येऊ लागले. एक टोक गाठायचं, काचेतून बघायचं, परत यायचं. पट्टे आता ज्याचे त्याच्या हातात होते. निघण्याआधीच धाकट्याने ते बदलले होते, आणि माझं पान मास्तरणीच्या फोनवर टाकलं होतं. मला विचारलं नव्हतं. मीही त्याला विचारून काही केलं नव्हतं, म्हणून गप्प राहिले.

ती बाकावर बसून वह्या तपासत होती. तिचा फोन थरथरला. तिने बघितलं.

"आई, बसा आता."

"मी ठीक आहे."

"चौदा हजार झालीत. नाडी एकशे आठ आहे."

"एवढं वाकून तुला कुणी बघायला सांगितलंय?"

"बसा," ती म्हणाली. वही तिने मांडीवरून काढून पलीकडे ठेवली आणि बाकावर जागा केली. मग दुसरी वही उघडून तांबड्या शाईने कुणाचं तरी उत्तर दुरुस्त करत राहिली.

मी आणखी एक फेरी मारली. मग बसले. तिने सांगितलं म्हणून नाही. पाय दुखत होते.